झाडावरचा फणस न पाहिलेले वाचक

दापोली तालुक्यातल्या पालगडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापूरला साडेपाचशेच्या आसपास, तोही मनात आलं तर. साने गुरुजींचा श्याम पालगडचा. त्यामुळे ‘श्यामची आई’ घेऊन ओसरीवर बसलेल्या सोलापूरच्या पोराला पहिल्या काही पानांतच परका मुलूख लागायचा. नारळी-पोफळी, विहिरीवरचे रहाट, ओढ्याला येणारं पाणी, झाडाला लगडलेले फणस. त्याच्या आजूबाजूला यातलं काहीच नव्हतं. होती ती काळी जमीन, ज्वारी, गिरणीची चिमणी आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर टेकलेलं ऊन. फणस पाहिलाच असेल तर मंडईत, गरे काढून विकायला ठेवलेला. तरी ते पोर त्या पुस्तकावर रडायचं, आणि पुढच्या वेळी वाचनालयात जाऊन ‘असलंच अजून एक’ मागायचं.

बालपणीचं वाचनालय हा तसा निसरडा विषय. जुन्या कागदाचा वास, खिडकीतून येणारा कवडसा, चष्म्यावरून बघणारे ग्रंथपाल, एवढं लिहिलं की वाचक हळवा होतो आणि लिहिणाऱ्याचं काम भागतं. पण तो वास साताऱ्यालाही तसाच होता आणि बार्शीलाही. सोलापूरच्या आठवणी वेगळ्या काढून बघाव्यात याचं कारण दुसरं आहे. इथं मराठी पुस्तक उघडणारी कितीतरी मुलं घरी मराठी बोलत नव्हती. आणि ज्यांची भाषा मराठीच होती त्यांनाही पुस्तकातली मराठी पुण्या-कोकणाकडची वाटायची. आपल्या घरात नसलेली भाषा आणि आपल्या गावात नसलेला पाऊस, दोन्ही वाचनालयातून घरी न्यायचं, हा इथल्या बालवाचकाचा उद्योग होता.

शहराची घडणच तशी. विणकामाच्या धंद्यापायी तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं आली आणि पूर्व भागात मागांच्या आवाजात तेलुगू मिसळली. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कन्नड बाहेरून आली असं म्हणणंही चुकीचं. मुस्लिम मोहल्ल्यांत उर्दू, व्यापारी पेठांत गुजराती-मारवाडी. १८७७ मध्ये शेठ मोरारजी गोकुळदास यांची गिरणी सुरू झाली, जिला सोलापूर आजही ‘जुनी मिल’ म्हणतं. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि चारही दिशांनी माणसं येत गेली. एका गल्लीत चार भाषा ऐकू येणं ही इथं नवलाची गोष्ट नव्हती. पद्मशाली समाजाच्या संस्थेनं शाळा काढल्या, तेलुगूतून शिकण्याची सोय झाली. पण पोटापाण्याची, कचेरीची आणि चौकातल्या वाचनालयाची भाषा मराठीच राहिली.

याचा सगळ्यात ठळक दाखला म्हणजे मारुती चितमपल्ली. १९३२ मध्ये सोलापुरात, तेलुगू बोलणाऱ्या घरात जन्मलेला हा मुलगा पुढे वनखात्यात गेला. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यानं आयुष्य काढलं आणि लिहिलं ते मराठीत. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र. त्यांचे कोश तर मराठीवरचं थेट ऋण आहेत. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी वापरात आणले. २००६ मध्ये एकोणऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरातच त्यांचं निधन झालं. मातृभाषा तेलुगू असलेल्या माणसानं मराठीला पाखरांची नावं पुरवावीत, हे सोलापूरकराला फार आश्चर्याचं वाटत नाही. बाहेरच्यांना वाटतं.

त्यांच्याच एका पुस्तकामुळे वाचनालयातली एक जुनी भानगड आठवते. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या एक दंतकथा चालत आली आहे: ‘निळावंती’ नावाची एक पोथी आहे, ती वाचणाऱ्याला पशुपक्ष्यांची भाषा कळते, पण वाचून पुरी करणारा वेडा होतो किंवा मरतो. वाचनालयात जाणाऱ्या मुलांना ही कथा ठाऊक असायचीच, आणि कुलूप लावलेल्या कपाटात ‘ती’ ठेवली आहे अशी खात्रीही. एखादं कपाट कायम बंद दिसलं की पुरे. कुलपाआड बहुधा जुने अहवाल आणि पावतीपुस्तकं असत, पण ते कुणाला पटणार? पुढे चितमपल्लींनी ‘निळावंती’ नावाचं पुस्तक लिहिलं. ते मात्र रीतसर नोंद करून घरी नेता यायचं.

सोलापुरात वाचनालय म्हटलं की पहिलं नाव येतं हिराचंद नेमचंद वाचनालयाचं. गावात त्याचा उच्चार बहुतेक वेळा ‘हि. ने.’ एवढ्यावरच आटपतो. ज्यांचं नाव त्याला आहे ते हिराचंद नेमचंद दोशी व्यापारी होते, जैन समाजातले सुधारक होते आणि ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनी सोलापुरातून चालवलं. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव, जन्म सोलापूरचाच, १८८२ चा. जहाजं आणि विमानांच्या कारखान्यांमुळे मुलाचं नाव देशभर झालं. वडिलांचं नाव इथल्या पोरांच्या तोंडी राहिलं ते पुस्तकं बदलायला जाताना. आज त्याच वाचनालयाच्या अ‍ॅम्फी थिएटरमध्ये व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम, पुस्तक प्रकाशनं होतात, आणि अनेकांना ते ठिकाण आधी कार्यक्रमाचं आणि मग पुस्तकांचं वाटतं.

महाराष्ट्रातल्या अशा संस्थांची पूर्वपीठिका मोठी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं १८५० चं. सुरुवातीला बहुतेकांचं नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ आणि सभासद म्हणजे वकील, मामलेदार, मास्तर. मुलांसाठी त्यात काही नव्हतं. लहान मुलानं वाचनालयात यावं, त्याच्यासाठी वेगळं कपाट असावं, ही कल्पना फार नंतरची. तिला आधी मुलांची पुस्तकं असावी लागतात, आणि तीही बरीच उशिरा आली. वा. गो. आपट्यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केलं ते १९०६ मध्ये.

गिरणी कामगारांच्या मुलांची वाट थोडी वेगळी होती. मोठ्या वाचनालयाची अनामत आणि वर्गणी भरणं प्रत्येक घराला जमायचं नाही. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानंतर कामगार वस्त्यांत कल्याण केंद्रं निघाली. तिथं कॅरम, शिवणवर्ग आणि बालवाडीच्या जोडीला एखादं-दुसरं पुस्तकांचं कपाटही असायचं. शिवाय शाळेतलं वाचनालय होतंच, आठवड्यातून एकदा वर्गात पेटी यायची आणि रोल नंबरनुसार पुस्तकं वाटली जायची. कोणाला काय मिळेल हे नशीब. हजेरीपटावर खाली नाव असलेल्या मुलांच्या वाट्याला भूगोलाची कोडी यायची.

मोठ्या वाचनालयातही निवड फार होती अशातला भाग नाही. तिथं आधी लागायचं काउंटर. पुस्तकं पलीकडे, वाचक अलीकडे. कपाटांपर्यंत जाऊन स्वतः पुस्तक काढायचं, ही मुक्तद्वार पद्धत बऱ्याच ठिकाणी फार उशिरा आली. मधे होती ग्रंथयादी: कोपरे कुरतडलेली जाडजूड वही, विषयवार नावं, समोर दाखल क्रमांक. चिठ्ठीवर पाच-सहा क्रमांक उतरवून द्यायचे आणि वाट बघायची. आतून उत्तर यायचं, ‘ते गेलंय बाहेर. हे ने की, हे बी चांगलंय.’ या ‘हे ने की’नं सोलापूरच्या किती पोरांचं वाचन घडवलं याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही, पण आठवणी सांगणारी माणसं या वाक्यापाशी हमखास थांबतात.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपले पाच नियम मांडले. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, वाचकाचा वेळ वाचवावा, असं त्यात आहे. सोलापूरच्या बालसभासदाचा वेळ वाचवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. एका वेळी एकच पुस्तक, तेही ठरलेल्या वेळेत. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं, आणि भर उन्हाळी सुटीत, जेव्हा बाहेर पाय ठेवता येत नसे, तेव्हाच दुपारी बंद. सकाळी आणलेलं पुस्तक दुपारीच संपायचं आणि परत करायला संध्याकाळी गेलं तर ‘आजचं आजच बदलून मिळणार नाही’ असा नियम आडवा यायचा. तेव्हा एकच उपाय, तेच पुस्तक पुन्हा वाचणं. एखादं पुस्तक आयुष्यभर पाठ राहिलं याचं कारण त्या पुस्तकाचा थोरपणा हे जितकं, तितकंच हा नियमही.

आणि हवं ते न मिळण्यातून भलतंच काही मिळायचं. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ मागायला गेलेला मुलगा व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ घेऊन घरी यायचा. १९४९ चं ते पुस्तक मुलांसाठी लिहिलेलंच नाही. पण त्यात पाऊस नव्हता. म्हणजे पावसाची वाट होती, मेंढरं होती, माळ होता, पोट खपाटीला गेलेली माणसं होती. माणदेश सांगोल्याच्या अंगानं सोलापूर जिल्ह्यातही शिरतो. आपण ज्या एसटीनं मामाच्या गावाला जातो त्या रस्त्यावरची माणसं छापील पुस्तकात असू शकतात, हा शोध अनेकांना तिथं लागला. माडगूळकरांचं नाव घेताना सोलापूरचे जुने वाचक थोडे हक्कानं घेतात ते त्यामुळे. ‘श्यामची आई’वर त्यांचं प्रेम होतंच, पण ते दुरून केलेलं.

आता एखादं पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन बघू. वाचनालयाचं पुस्तक दुकानातल्या पुस्तकासारखं कधीच नसायचं. मूळ मुखपृष्ठ पहिल्या काही महिन्यांतच गेलेलं, मग जाड पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी आणि त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला क्रमांक. बाइंडरनं कडा कापताना हात सैल सोडलेला असेल तर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर उडालेलं असे आणि ते आपलं आपण भरून घ्यायचं. पहिल्या पानावर संस्थेचा गोल शिक्का. तसाच दुसरा शिक्का आत ठरलेल्या एका पानावर, जे पान फक्त वाचनालयाला ठाऊक. चोरलेलं पुस्तक रद्दीवाल्याकडे सापडलं, त्याचं पहिलं पान फाडलेलं असलं, तरी ते गुप्त पान उघडून मालकी सिद्ध करता येई. मुलांनी ते पान किती महिन्यांत शोधून काढलं हे वेगळं सांगायला नको. मागच्या आतल्या बाजूला तारखांची पट्टी. कोणतं पुस्तक खरंच वाचलं जातं हे समीक्षकांपेक्षा त्या पट्टीला जास्त कळायचं. पट्टीवर पट्टी चिकटवून जाड झालेलं पुस्तक डोळे मिटून न्यावं.

समासातला मजकूर हा तर स्वतंत्र साहित्यप्रकार. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रं घराघरांत माहीत होती. या पुस्तकांच्या दहाव्या-बाराव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असे. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘हा नाही, पुढं वाच.’ त्याखाली तिसऱ्याचं त्या दोघांना उद्देशून काहीतरी, जे इथं छापता येणार नाही. मोठी माणसं या पुस्तकांना नाकं मुरडत. पण नीट पाहिलं तर ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जात नव्हती त्याला सलग शंभर पानं मराठी वाचायला लावण्याचं काम संस्कारकथांनी जेवढं केलं त्याहून झुंजारनं जास्त केलं असावं. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नसेल तर अडलेल्या शब्दासाठी कुणी थांबत नाही.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच वयात भेटायचा. मूळचा फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो, जिभेनं ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो आणि जिथं जाईल तिथं भानगड त्याच्या आधी पोचलेली असते. एका गोष्टीत तर तो १९६२ च्या युद्धाच्या धामधुमीत थेट सरहद्दीवर पोचला. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं होतं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही त्यांनी मराठीत आणल्या. फेणेचं पुणं सोलापूरच्या मुलाला रेल्वेनं काही तासांवर, तरी ना त्यातले पेठांचे कोपरे ओळखीचे ना घाट. पण पळणारा, धडपडणारा, हाडकुळा पोरगा ओळखीचा होता. राम वाईरकरांनी त्याला इतका काटकुळा काढला होता की कुठल्याही पेठेत सहज खपून जावा. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ दूरदर्शनवर आला तेव्हा आधी पुस्तक वाचलेल्यांनी आपापला गोट्या पडद्यावरच्यापेक्षा बरा होता असं ठासून सांगितलं. २०१७ मध्ये फास्टर फेणेवर चित्रपट आला तेव्हाही तेच झालं. फक्त सांगणारे आता आजोबा झाले होते.

‘चांदोबा’ची गोष्ट सोलापुरात आणखी रंगते. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून ‘चंदामामा’ सुरू केला तो तेलुगू आणि तमिळमध्ये. मग कन्नड, हिंदी आणि पन्नाशीच्या दशकात मराठी ‘चांदोबा’ आला. सगळ्या भाषांत गोष्टी त्याच, चित्रं तीच. शंकर या चित्रकारानं काढलेला विक्रमादित्य तोच, खांद्यावर प्रेत, हातात तलवार. इतर गावांत हा एका मासिकाचा मराठी अंक होता. सोलापुरात एकाच वाड्यात खालच्या बिऱ्हाडी तेलुगू, वरच्या बिऱ्हाडी मराठी आणि समोर कन्नड अंक असू शकत होता. मराठी शाळेत जाणाऱ्या नातवाला तेलुगू लिपी येत नव्हती आणि आजीला मराठी. पण चित्र दोघांनाही वाचता यायचं. आजी गोष्ट तेलुगूत सांगायची, नातू ती मराठी अंकात पडताळून बघायचा, आणि आजीनं मधे स्वतःच्या पदरचं काय घातलं ते पकडायचा. भाषांतराचे पहिले धडे इथल्या मुलांनी असे गिरवले. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखा सोलापूरचा लेखक तेलुगू साहित्य मराठीत आणत राहिला आणि ‘एका साळियाने’ या नावानं त्यानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं, त्याच्यामागे हे असं गाव आहे.

त्यात गोंधळ घालायला दुसरा वेताळ यायचा. इंद्रजाल कॉमिक्समधल्या फँटमचं मराठी नावही वेताळच. एक वेताळ झाडाला उलटा लटकून राजाला कोडी घालतो, दुसरा घट्ट कपडे घालून घोड्यावरून जंगलात फिरतो आणि गुंडांच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवतो. वाचनालयात कॉमिक्स सहसा ठेवत नसत. ती भाड्यानं मिळायची, गल्लीतल्या दुकानात दोरीवर लटकवलेली, तिथंच पायरीवर बसून वाचली तर स्वस्त. मित्राला ‘वेताळ वाचला’ म्हणून सांगितल्यावर ‘कुठला?’ असा प्रश्न यायचा.

आणखी एक वाचक या सगळ्या आठवणींत असतो, पण वाचनालयात दिसत नाही. आई. वाचनालयाचं कार्ड वडिलांच्या नावावर, वाचणार आई आणि आणायला जाणार मूल, ही घराघरातली व्यवस्था होती. पिशवीत भाजीबरोबर पुस्तक. आईनं चिठ्ठी दिलेली असे, योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, सुमती क्षेत्रमाडे. यातलं काही नसलं तर काउंटरवरचा माणूस आपल्या अंदाजानं देई, आणि तो अंदाज सहसा चुकत नसे, कारण कोणत्या घरात काय चालतं हे त्याला पाठ होतं. चंद्रकांत काकोडकरांची कादंबरी दिली तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून. काकोडकरांवर १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. एवढा कायदा पोराला कळत नव्हता. गुंडाळलेलं पुस्तक वाटेत उघडून बघायचं असतं, एवढं कळत होतं. घराच्या वळणापर्यंत जेवढी पानं होतील तेवढी. दिवाळीनंतर तर पर्वणीच, जास्तीची वर्गणी भरली की वाचनालय सगळे दिवाळी अंक आळीपाळीनं देई. आईच्या हातात अंक पडायच्या आधी व्यंगचित्रं बघून झालेली असत. आयांचं वाचन अशा रीतीनं पोरांच्या हातून गेलं, आणि त्यांना काय आवडत होतं याचे एकमेव साक्षीदार आज ही पोरंच आहेत. पुढच्या पानांवर ज्या आठवणी येतील त्यांतला हा धागा वाचकांनी सोडू नये.

सोलापूर स्वतः पुस्तकात कुठं होतं? बालविभागात फार तर दोन ठिकाणी. एक म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं छोटं चरित्र प्रत्येक शाळेच्या पेटीत असायचं. दुसरं म्हणजे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी गेलेले चौघं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. या चार नावांत सोलापूरच्या पेठा एकत्र येतात, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत, म्हणजे यातला एक संपादकही होता. साने गुरुजीही जिल्ह्याला परके नव्हते. विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण केलं. ‘श्यामची आई’ लिहिणारे गुरुजी आणि पंढरपूरच्या मठात उपाशी बसलेले गुरुजी एकच, हे मात्र मुलांना बऱ्याच उशिरा कळायचं. पहिले पुस्तकात होते, दुसरे आजोबांच्या बोलण्यात.

हुतात्मे आणि डॉक्टर सोडले तर इथलं रोजचं जगणं, माग, विडी, चादर, कडक भाकरी, गड्ड्याची यात्रा, मुलांच्या पुस्तकांत जवळपास नव्हतंच. ते आलं ते मोठ्यांच्या पुस्तकांत, आणि तेही वाचनालयातून वाढलेल्या पिढ्या लिहू लागल्यावर. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आलं. त्यातलं बालपण श्यामच्या बालपणाशेजारी ठेवून वाचलं तर मराठी बालपण नावाची एकच एक गोष्ट नाही हे लगेच दिसतं. त्र्यं. वि. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ला २००३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही दोन्ही पुस्तकं बालविभागात ठेवता येणार नाहीत हे खरं. पण सोलापूरच्या मुलाला आपलं गाव पुस्तकात भेटायला मोठं व्हावं लागतं, ही तक्रार अजूनही जुनी झालेली नाही.

आजचं चित्र सरळ काळं किंवा पांढरं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याच्याही आधी, १९४५ मध्येच, कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला होता. १९६७ च्या कायद्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान मिळू लागलं. राज्यात अशी मान्यताप्राप्त वाचनालयं आज काही हजारांत आहेत, आणि अनुदान अपुरं आहे, कर्मचाऱ्यांचे पगार तुटपुंजे आहेत, हे गाऱ्हाणंही तितकंच जुनं. संध्याकाळी वाचनालयात गर्दी दिसते ती बहुधा अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षांची गाइडं उघडून बसलेल्या मुलामुलींची. त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. घरात दोन खोल्या आणि एक यंत्रमाग असेल तर शांत टेबलाची किंमत कळते. ‘बालभारती’नं १४ नोव्हेंबर १९७१ ला सुरू केलेल्या ‘किशोर’चे जुने अंक आता मोबाइलवर फुकट उघडतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. म्हणजे पुस्तक मुलापर्यंत पोचवायच्या वाटा वाढल्या आहेत. काउंटरमागून ‘हे ने की’ म्हणणारा माणूस मात्र त्या वाटांवर नाही.

आठवणी वाचताना एक सावधगिरी बाळगावी. माणसं आठवतात ती आवडलेली पुस्तकं. कंटाळून तिसऱ्या पानावर सोडलेली कुणी सांगत नाही, आणि वाचनालयात कधी पाऊलच टाकू न शकलेल्या मुलांच्या आठवणी अशा संग्रहांत येतच नाहीत. त्यासाठी दुसरा पुरावा लागतो, आणि तो वाचनालयांकडेच असू शकतो: सभासदांच्या जुन्या नोंदवह्या, देवघेवीची रजिस्टरं. कोणत्या पेठेतून किती बालसभासद होते, त्यांत मुली किती, वर्गणी थकली म्हणून कुणाचं नाव कमी झालं, ‘चांदोबा’ला किती नंबर लागलेले असत, हे सगळं त्या वह्यांत कुणीतरी शाईनं लिहून ठेवलेलं असतं. संगणकावर नोंदी गेल्या की या वह्या माळ्यावर जातात आणि माळा भरला की रद्दीत. ज्या वाचनालयांत त्या अजून असतील त्यांच्या कार्यवाहांनी पुढची साफसफाई काढण्याआधी त्या खाली उतरवून एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्याव्यात. सोलापुरात इतिहास आणि मराठीचे विद्यार्थी आहेत, विद्यापीठही २००४ पासून आहे, आणि विषय शोधत फिरणाऱ्यांची कमतरता नाही.